यंत्राचा कान आणि वसईची बोली

गेल्या सुट्टीत वसईच्या किनाऱ्याकडील एका गावी एका परिचितांच्या घरी बसण्याचा योग आला. ओटीवर आजी वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांचा सातआठ वर्षांचा नातू मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. खेळ बोलण्यावर चालणारा होता. बटण दाबायचे नाही, तोंडाने सांगायचे की मोटार पळते, वळते, थांबते. मुलगा उत्साहाने ओरडला, "गारी चालू!" पडद्यावर काहीतरी भलताच शब्द उमटला आणि मोटार जागची हलली नाही. त्याने दोनदा तसेच सांगितले, मग क्षणभर थांबून, शाळेत कविता म्हणताना लावतात तो सूर लावून, "गाडी चालू" असे म्हटले. मोटार सुटली. थोड्या वेळाने धाकट्या बहिणीचा डाव आला. तीही "गारी" म्हणाली, तेव्हा हा भाऊ तिच्यावर खेकसला, "तसं नाय, गाडी बोल. त्याला कलत नाय!" आजी शेंगा सोलीत राहिल्या. त्यांना सगळेच कळत होते.

प्रसंग तसा किरकोळ, पण तेव्हापासून तो मनातून जात नाही. ज्या घरात तीन पिढ्यांनी गाडीला गारी आणि घोड्याला घोरा म्हटले, त्या घरातील पोराची बोली कुणी शिक्षकाने दुरुस्त केली नव्हती. ती दुरुस्त केली होती एका खेळण्याने, आणि तीही न रागावता, न समजावता, निव्वळ गप्प राहून.

व्हिडिओ गेम म्हटले की हातात बटणांचे खोके घेऊन पडद्यासमोर बसलेले पोर डोळ्यांपुढे येते. पण हाताची हालचाल आणि तोंडचा शब्द यांनीच खेळ चालावा ही कल्पना बरीच जुनी आहे. १९८९ साली अमेरिकेत 'पॉवर ग्लव्ह' नावाचा मोजा निघाला. तो हातात चढवून बोटे वळवली की पडद्यावरचा गडी हलणार, असे त्याचे वचन होते. वचन मोठे आणि मोजा ओबडधोबड, त्यामुळे तो फार टिकला नाही. १९९८ साली जपानात 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी मायक्रोफोन लावून पिकाचूशी गप्पा मारण्याचा खेळ आला. या खेळाचा कान मुलांच्या उंच स्वराला जुळवलेला होता, मोठ्यांचे जाड आवाज त्याला तितकेसे उमगत नसत. २००३ साली 'प्लेस्टेशन २'साठी 'आय-टॉय' हा छोटा कॅमेरा आला. २००६ अखेर 'वी' या यंत्राने तर घरोघरी लोकांना उभे केले. हातातील दांडी टेनिसच्या रॅकेटसारखी फिरवायची, की पडद्यावरचा चेंडू टोलवला जाई. काही उत्साही मंडळींच्या हातून ती दांडी निसटून दूरचित्रवाणी संचांच्या काचा फुटल्या, आणि कंपनीला मनगटी पट्टे लाखोंच्या संख्येने बदलून द्यावे लागले.

या सर्वांवर कडी केली ती २०१० च्या नोव्हेंबरात आलेल्या 'किनेक्ट'ने. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' या यंत्राला जोडायची ही आडवी पट्टी. तिच्यात एक साधा कॅमेरा होता, अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके खोलीभर पाडणारा झोत होता, त्या ठिपक्यांच्या विस्कटण्यावरून अंतर मोजणारा दुसरा कॅमेरा होता आणि आवाजाची दिशा ओळखणारे चार मायक्रोफोन होते. माणसाचे खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे असे वीस बिंदू ती हेरी आणि त्यांवरून काड्यांचा एक पुतळा मनात उभा करी. खेळाडूच्या हाती काहीच नाही. त्याचे शरीर हेच त्याचे बटण. पहिल्या ६० दिवसांत या यंत्राचे ८० लाख नग खपले आणि त्याची नोंद गिनेस बुकाने घेतली.

आता या नवलाईची आपल्या नालासोपाऱ्याच्या बिऱ्हाडाशी गाठ घालून पाहावी. 'किनेक्ट'समोर एका माणसाने खेळायचे तर पट्टीपासून सुमारे सहा फूट मागे उभे राहावे आणि दोघांनी खेळायचे तर आठ फूट, अशी कंपनीचीच सूचना होती. म्हणजे मधला भाग रिकामा हवा. तेथे खाट नको, शिवणयंत्र नको, अभ्यासाला बसलेली ताई नको. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगराची वस्ती १२ लाखांवर गेली होती, आणि तिच्यातील किती कुटुंबे एका खोलीत अथवा वन-रूम-किचनमध्ये राहतात हे या शहरात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. विरार लोकलमध्ये एका पायावर तासभर उभे राहून घरी आलेल्या कारकुनास घरात दोन्ही हात पसरण्याइतकी जागा मिळाली तर तो व्हिडिओ गेम खेळणार नाही, आधी चटई टाकून आडवा होईल! तेव्हा हे यंत्र ज्यांनी घडवले त्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकन उपनगरातील ऐसपैस दिवाणखाना होता, हे उघड आहे. यात त्यांचा दोष नाही. कारागीर आपल्या ओळखीच्या घराचे माप घेऊनच वस्तू करतो. पण मापाचा हा प्रश्न खोलीच्या लांबीरुंदीवर थांबत नाही. तो जिभेपर्यंत येतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

कुणी म्हणेल, 'किनेक्ट' तर कधीच संपले. ते खरेच आहे. २०१३ साली 'एक्सबॉक्स वन'बरोबर ते सक्तीने गळ्यात बांधले गेले, दिवाणखान्यात अखंड कान देऊन बसणाऱ्या यंत्राविरुद्ध लोकांनी गिल्ला केला, पुढच्याच वर्षी त्यावाचूनचा संच बाजारात आला आणि २०१७ च्या ऑक्टोबरात त्याचे उत्पादन थांबले. हात हलवल्यावर आणि पडद्यावरील आकृती हलण्यात होणारा विलंब जातिवंत खेळाडूंना कधी रुचलाच नव्हता. परंतु यंत्र गेले तरी विद्या गेली नाही. अंतर मोजण्याचे ते तंत्र ज्या इस्रायली कंपनीचे होते ती 'प्राइमसेन्स' २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली, आणि चेहऱ्यावर अवरक्त ठिपके पाडून मालकास ओळखणारा फोन २०१७ मध्ये आला. हाताच्या हालचाली ओळखणारे चष्मे डोळ्यांवर चढवून खेळण्याचे खेळ मॉलमध्ये पैसे मोजून खेळता येऊ लागले. बोलण्याचे तंत्र तर प्रत्येकाच्या खिशात आले. दिवाणखाना नसला तरी चालते, फोन पुरतो. म्हणूनच जे वसईच्या घरात 'किनेक्ट'च्या काळी शिरले नाही ते आता ओटीवर येऊन बसले आहे.

यंत्र बोलणे ऐकते म्हणजे काय करते, हे समजून घेणे शिक्षकांना तरी अवघड नाही. आवाजाचे ते सेकंदाच्या शतांशाएवढे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचे स्वर किती जोराने आहेत ते मोजते, आणि पूर्वी ऐकवलेल्या हजारो माणसांच्या आवाजांशी ताडून पाहते. मग कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याच्या हिशेबाने एक वाक्य जुळवते. म्हणजे सारा भरवसा आधी काय ऐकवले यावर. ज्याने पुण्यातील वर्तमानपत्री मराठी ऐकली त्याला तीच कळणार. मराठीची स्वतःची अडचण आणखी आहे. आपण एकाच 'च' ने चहाही लिहितो आणि चमचाही, एकाच 'ज' ने जीवनही आणि जहाजही. उच्चार मात्र दोन. डोळ्याला एक दिसणारे अक्षर कानाला दोन ऐकू येते, आणि हा भेद कोणीतरी यंत्राला बसून शिकवावा लागतो. त्यात बोलणारे मूल असेल तर स्वर उंच, उच्चार कच्चे, आणि पाठीमागे खेळाचे स्वतःचेच संगीत वाजत असते.

'किनेक्ट'ला ज्या भाषा शिकवल्या गेल्या त्यांत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. मराठीला कान लावण्याचे पहिले गंभीर प्रयत्न खेळासाठी झाले नाहीत, ते झाले कांद्यासाठी, आणि हे आम्हांस भूषणावह वाटते. २०१० च्या सुमारास आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या साहाय्याने एक योजना आखली गेली. शेतकऱ्याने दूरध्वनी करावा, पिकाचे आणि बाजारपेठेचे नाव तोंडाने सांगावे आणि यंत्राने भाव सांगावा, असे तिचे स्वरूप होते. मराठी धरून सहा भारतीय भाषांत हे काम झाले. मराठीचा भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि आयआयटी मुंबईने सांभाळला, आणि त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत जाऊन खऱ्या शेतकऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले गेले. प्रयोगशाळेच्या शांत खोलीत निवेदकाकडून वाचून घेण्याचा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी पत्करला नाही, कारण भाव विचारणारा माणूस निवेदक नसतो हे त्यांना ठाऊक होते. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांना बोलून लिहिण्याची सोय दिली, आणि २०२२ च्या जुलैत केंद्राची 'भाषिणी' ही योजना सुरू झाली. आजची ओटीवरची मोटार या साऱ्या खटाटोपाच्या बळावर पळते, याची जाणीव ठेवली पाहिजे. प्रगती झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु वसईची गोष्ट वेगळी आहे. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून २००९ साली ही महानगरपालिका झाली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. कागदावर हा एकच मुलूख. कानाने पाहिले तर दर दोन मैलांवर मराठी कूस बदलते. सामवेदी समाजाची कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळीवाड्यांची बोली आहे, ईस्ट इंडियन मंडळींची वेगळी ढब आहे, पूर्वेकडे डोंगरपट्टीत वारली आहे. त्यांत गेल्या चाळीस वर्षांत मुंबईतून सरकलेला चाकरमानी आपापली मालवणी, खानदेशी, वऱ्हाडी घेऊन आला. त्याखेरीज गुजराती आणि हिंदी. कादोडी ऐकणाऱ्या पुणेकरास पहिली पाच मिनिटे काही उमगत नाही, हे त्याने कबूल करावे आणि आपण हसावे, एवढा प्रकार आहे. या बोली कुणा अडाण्यांच्या नव्हेत. याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. घरची बोली एक आणि लेखणीची मराठी दुसरी, अशी दोन्ही बाळगणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो शिक्षकांकडूनच येणार. मुलाने 'गाडी' म्हणायला शिकले तर बिघडले काय? प्रमाण मराठी आली नाही तर परीक्षेत गुण कोण देणार, कचेरीत अर्ज कोण घेणार? आक्षेप वजनदार आहे. प्रस्तुत लेखकानेही वर्गात उभे राहून पुष्कळ मुलांचे 'पानी' 'पाणी' केले आहे, आणि त्याचा पश्चात्ताप आहे असेही नाही. पण शिक्षक आणि हे यंत्र यांत एक मूलभूत फरक आहे. 'पानी' म्हणणारे पोर तहानलेले आहे हे शिक्षकाला आधी कळते, तो त्याला पाणी पिऊन ये म्हणतो, आणि मग उच्चार सांगतो. चूक दाखवणारा माणूस आधी समजणारा असतो. यंत्र समजतच नाही, म्हणून ते चूकही दाखवत नाही. मुलाला एवढेच उमजते की आपण आजीसारखे बोललो की समोरून काही होत नाही. आणि हे त्याला वर्गात तासभर नव्हे, तर खेळताना, म्हणजे जिवाचे कान करून, दिवसातून शंभर वेळा उमजते. शाळेतून घरी आल्यावर बोलीकडे परतण्याची एक वाट होती. खेळाचीच भाषा बदलली की त्या वाटेवर फाटक बसले.

दुसरीही शक्यता आहे आणि तीच अधिक संभवनीय आहे. तीन वेळा 'गारी' आणि दोन वेळा 'गाडी' म्हणून कंटाळलेले पोर सरळ इंग्रजीत हुकूम सोडते, कारण इंग्रजी यंत्राला पहिल्या दमात कळते. म्हणजे प्रमाण मराठीच्या कैवाऱ्यांनीही फार आनंदित होऊ नये. बोली ज्या दाराने बाहेर जाते त्याच दाराने मागाहून प्रमाणभाषाही जाते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचे पेढे आपण वाटले, पण मोटारीच्या खेळाला त्या दर्जाचे काही सोयरसुतक नाही.

याच तंत्राने कित्येकांचे भलेही होते. ज्याचा हात अपघातात गेला त्याला शब्दावर चालणारा खेळ म्हणजे पुन्हा मित्रांत बसण्याची संधी आहे. पक्षाघातानंतर हात पुन्हा वळता करण्यासाठी डॉक्टरांनी आणि व्यायामतज्ज्ञांनी 'किनेक्ट'चा उपयोग केला, त्यावर शोधनिबंध लिहिले गेले. उलट उभे राहून हातपाय हलवल्यावाचून चालत नाही असा खेळ चाकाच्या खुर्चीतील मुलाला दाराबाहेर ठेवतो. पण बोलीवाचून बोलणारे यंत्र हा अडथळा कुणा अपंगाचा नाही, तो धडधाकट पोराच्या पुढ्यात मुद्दाम आणून ठेवलेला आहे.

आणखी एक बाब पालकांच्या कानावर घातली पाहिजे, कारण ती दिसत नाही. ऐकणारे यंत्र ऐकलेले ठेवूनही देऊ शकते. मुलांचे आवाज आवश्यकतेपेक्षा अधिक काळ जपून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत २०२३ साली ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी, 'एक्सबॉक्स'वर नाव नोंदवणाऱ्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याबद्दल मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर भरले. आवाजाचे राहू द्या, हालचालसुद्धा नाव सांगते. २०२३ मध्येच बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी, डोळ्यांवर चष्मा चढवून संगीताच्या ठेक्यावर ठोकळे कापण्याचा जो खेळ आहे त्याच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोके आणि दोन हात कसे हलतात याच्या अवघ्या १०० सेकंदांच्या नोंदीवरून कोण खेळतो आहे हे ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आले. अंगठ्याचा ठसा देताना आपण निदान विचारतो की कशाला हवा. हात हलवताना कोण विचारतो?

आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा वेगळा कायदाही झाला. पैशाच्या खेळाचा धोका सरकारला लवकर दिसला, कारण त्यात घरे बुडतात आणि बातमी होते. पोराचा आवाज कुठेतरी साठून राहिला तर घर बुडत नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणी घेऊन येत नाही. शाळांच्या पालकसभेत गणवेशाच्या रंगावर तासभर वाद होतो, त्यातली पाच मिनिटे या संमतीच्या प्रश्नाला दिली तरी पुष्कळ होईल.

राहता राहिला बोलीचा प्रश्न. कंपन्यांनी कादोडीसाठी खर्च करावा अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. काही हजार अथवा लाखभर बोलणाऱ्यांसाठी कोणी व्यापारी यंत्राला वर्ग लावणार नाही. हे काम येथेच व्हावे लागेल. सुदैवाने पाया अगदीच कोरा नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले, 'भाषिणी'ने 'भाषादान' या नावाने नागरिकांना आपला आवाज देण्याची सोय केली. अडचण अशी की 'भाषादान'मध्ये मराठी म्हणून एकच पाटी आहे. त्या पाटीखाली कादोडी बोलणाऱ्याने आवाज दिला तर तो चुकीची मराठी म्हणून बाजूला पडण्याचा धोका आहे. बोलीचे नाव वेगळे नोंदवण्याची सोय त्यात व्हावी, ही मागणी वसईकरांनी लेखी केली पाहिजे. शिवाय हे आवाज कुणाच्या ताब्यात राहतील, त्यांवर कुणी फुकट धंदा करावा काय, हेही आधीच लिहून घेतले पाहिजे. आजीचा आवाज दान दिला म्हणजे तो कुणाच्याही मोटारीला जुंपावा असे नाही.

आवाज गोळा करण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, वर्तक महाविद्यालय आहे, विरारला विवा महाविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणी अशा घरांतून आलेली मुले शिकतात. मराठीच्या विद्यार्थ्याला प्रकल्प हवाच असतो, संगणकाच्या विद्यार्थ्यालाही हवा असतो, आणि दोघे एकमेकांच्या वर्गात सहसा डोकावत नाहीत. एका सुट्टीत दोघांनी मिळून पापडी, निर्मळ, अर्नाळा, नायगाव या बाजूंना जावे, घरच्यांची रीतसर संमती घ्यावी आणि फोनवरच मुद्रण करावे. सुरुवातीला दोनशे शब्दही पुरतील. डावीकडे, उजवीकडे, थांब, पळ, पुन्हा, मागे फिर, असे खेळाला लागतात तेच शब्द प्रत्येक बोलीत, म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या तोंडून. महानगरपालिकेने त्यासाठी आपल्या एखाद्या वाचनालयात एक शांत खोली आणि एक साधा संगणक द्यावा. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर यंत्र गप्पा मारू लागणार नाही, पण मोटार चालू करण्यास तेवढे बहुधा पुरे आहे, आणि मागच्या सुट्टीत त्या ओटीवर अडली होती ती मोटारच.